टेम्पोवरचा याकोब

माझ्या टेम्पोच्या कपाळावर तीन वर्षं 'ठक' असं लिहिलेलं होतं, आणि ते लिहून घेण्यासाठी पेंटरला मीच चहा पाजला होता.

अक्षरं अर्थातच वेगळी होती. पिवळ्या रंगात, लाल सावली देऊन, दोन्ही बाजूंना कमळाचं फूल काढून लिहिलं होतं : 'श्री याकोब प्रसन्न'. ते मी का लिहिलं, हे सांगायचं म्हणजे आधी धंदा सांगावा लागेल.

मी शेळ्यांचा व्यापारी. आमचं गाव कनेरगाव नाक्याच्या जवळ. सातवीत शाळा सोडली आणि शेजारणीची एक शेळी वाट्यानं पाळायला घेतली. वर्षभरानं शेळी परत केली तेव्हा माझ्याकडे दोन करडं होती. (तिच्याकडे एकही नव्हतं. अट मी आधीच नीट घालून घेतली होती.) त्या दोन करडांवरून वाढत वाढत नाक्यावरच्या ढाब्यांना बोकड पुरवण्यापर्यंत पोचलो. कोणाच्या बापाची मदत नाही; माझ्या बापाचीसुद्धा नाही. बाजारात लोक मला गणपतशेठ म्हणतात. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, पण सौद्यात मी ओरडत नाही. सौदा मोडायचा असेल तेव्हाच ओरडतो.

आमच्या गावच्या उपकेंद्रात करुणा सिस्टर म्हणून नर्सबाई होत्या. जालन्याकडच्या, ख्रिस्ती. एका वर्षी नाताळासाठी त्यांना बोकड हवा होता. तासभर घासाघीस झाली. शेवटी त्या माझ्या किमतीला आल्या, वर माझ्या बायकोची दुखरी मान फुकट बघून द्यायचं कबूल केलं, आणि निघाल्या तेव्हा मी बोकडाच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं. जनावर विकताना दावं देत नसतात. दाव्याबरोबर दावणीची बरकत जाते. बाईंनी बॅगेतून बँडेजची पट्टी काढली, बोकडाच्या गळ्यात बांधली आणि हसून म्हणाल्या, "गणपतराव, तुम्ही म्हणजे अगदी याकोब आहात."

"कोन हायत हे?"

"आमच्या शास्त्रातले. फार मोठे कुलपिता. बारा मुलांचा बाप, हजारो शेळ्यामेंढ्या—"

एवढ्यात बोकडानं पट्टीला हिसका दिला आणि बाई त्याच्या मागे रस्त्यानं पळत सुटल्या. पुढचं राहून गेलं. पण मला पुढचं लागतं कशाला? हजारो शेळ्यामेंढ्या! मी त्याच महिन्यात जुना टेम्पो घेतला होता. थेट नाक्यावरच्या पेंटरकडे गेलो.

पेंटर म्हणाला, "शेठ, आई-वडिलांचा आशीर्वाद टाकू का? समदे तेच टाकतात."

"ते सोडून काय बी टाक," मी म्हणालो. वडिलांचा आशीर्वाद नेमका कोणाला मिळाला, यावरून तर आमच्या घरात भांडण होतं.

इथं दादाचं सांगावं लागेल. किसनदादा माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर शेताची विहिरीकडची पट्टी थोरला म्हणून त्याच्या वाट्याला आली आणि माळाकडची माझ्या. दादा राजा माणूस. कष्टाला वाघ, पण हौसेला हळवा. त्याच्या मेहुणीचं लग्न निघालं शिरड शहापूरला, त्याची सासुरवाडी तीच. आणि दादाच्या मनानं घेतलं की लग्नाला फटफटीवर बसून जायचं. फटफटी होती माझ्याकडे. (एका मास्तराकडून शेळ्यांच्या बदल्यात आलेली. मास्तर हसत का देऊन राहिला होता, हे मला नंतर कळलं.)

"गण्या, दे की फटफटी," दादा म्हणाला.

"घे की. विहिरीकडची पट्टी दे."

मी थट्टेनं म्हणालो होतो असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. पण लग्न तोंडावर होतं, दादाच्या डोळ्यांत फटफटी होती आणि माझ्या खिशात तलाठ्याकडचा कागद होता, त्यावर दादानं सही केली, एवढं खरं.

फटफटी शिरड शहापूरच्या वेशीत, अख्ख्या वऱ्हाडासमोर, बंद पडली ती कायमची. दादा तिथंच राहिला. सासऱ्याला मुलगा नव्हता, शेत होतं. फटफटी जिथं थांबली तिथंच त्याचा संसार सुरू झाला. आणि तिथून त्यानं सांगायला सुरुवात केली : "गण्यानं माझी विहीर खाल्ली." माझ्या पोरीच्या लग्नाला आला नाही. मी दोनदा निरोप पाठवला, दोन्हीदा निरोप्या चहा पिऊन परत आला. पुढं परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा लोक नाक्यावर पेढे वाटत होते. आमची वाटणी त्याच्या कितीतरी आधीच होऊन गेली होती.

आता माझंही गाऱ्हाणं ऐका. ती विहीर दुसऱ्याच उन्हाळ्यात आटली. ठणठणीत. दादाला हे आधीच माहीत असणार, असं मला तेव्हापासून वाटत होतं. फसलो मी, आणि बोंब कोणाच्या नावाची? माझ्या! बरं, हे बाजारात सांगताही येईना. व्यापाऱ्याला ठक म्हटलं तर परवडतं. गिऱ्हाईक सावध होतं, पण येतं. बावळट म्हटलं की धंदा बसतो. म्हणून मी ठक राहिलो, विहिरीवर काट्या टाकून ठेवल्या आणि राग आतल्या आत शिजवत बसलो. सगळ्या बाजारांत मी भाव सांभाळला. भाऊ मात्र गेला.

तर टेम्पोवर याकोब प्रसन्न झाले. बायको सुमन म्हणाली, "हे कोनतं दैवत म्हनायचं?"

"शेळ्यायचं."

तिनं तेवढ्यावर विश्वास ठेवला आणि दसऱ्याला टेम्पोला हार घालताना याकोबाला वेगळं हळदकुंकू वाहिलं. डोंगरकड्याच्या बाजारात खाटीक मंडळी मला प्रेमानं याकूबभाई म्हणू लागली. माझा ड्रायव्हर रशीद तर शपथेवर सांगायचा, "शेठ, जबसे ये नाम डाला, गाडी पंक्चर नहीं हुई." गावातल्या एका म्हातारीनं नातवाचा ताप उतरावा म्हणून टेम्पोसमोर नारळ फोडला. ताप उतरला. मी काय बोलणार?

तीन वर्षं हे बरं चाललं. मधल्या काळात करुणा सिस्टरांची बदली झाली होती. त्या परत आमच्याच उपकेंद्रात आल्या आणि त्यांचं सामान आणायला माझाच टेम्पो गेला. बाईंनी टेम्पोचं कपाळ वाचलं. पुन्हा वाचलं. मग ट्रंकेवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"गणपतराव, याचा अर्थ माहीत आहे का?"

"मोठा मानूस. शेळ्यामेंढ्या. बारा पोरं."

"अहो, तो माणूस झाला. नावाचा अर्थ? हिब्रू भाषेत टाचेला आकेब म्हणतात. याकोब म्हणजे टाच धरणारा. जुळ्यांतला धाकटा. जन्मताना थोरल्या एसावाची टाच धरून बाहेर आला म्हणून याकोब. म्हणजे पुढच्याची टाच ओढून त्याला पाडणारा. ठकवणारा."

माझं डोकं तापलं. "मंग मला ठक म्हनलं होतं का तुमी? एका बोकडावरून?"

"दाव्यावरून," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि रागावता काय, गोष्ट तर ऐका. एसाव एकदा रानातून भुकेला आला. याकोब मसुराचं वरण शिजवत होता. एसाव म्हणाला, दे. याकोब म्हणाला, घे, पण तुझं थोरलेपण मला दे."

मी टेम्पोला टेकलो.

"हे तुमाला शिरडवाल्यानं सांगितलं ना?"

"कोण शिरडवाला? अहो, हे हजारो वर्षांपूर्वीचं आहे."

"तवापासून बोंब मारून राहिला व्हय तो?"

बाईंना काही कळेना. मग मी विहीर, फटफटी, सगळं सांगितलं. (विहीर आटल्याचं सोडून.) त्या हसायच्या थांबल्या. मी म्हणालो, "पन सिस्टर, सौदा तर बराबर झाला. त्यानं मागितलं, यानं दिलं. पुढं काय झालं?"

"पुढं याकोब पळाला की. वडिलांचा आशीर्वादही लबाडीनं घेतला होता, थोरला जिवावर उठला होता. वीस वर्षं परमुलखात राहिला, श्रीमंत झाला. पण जीव लागेना. घरची आठवण, भावाची भीती. मग निघाला आणि भावासाठी पुढं जनावरं पाठवली. दोनशे शेळ्या, वीस बोकड—"

"दहाला एक बोकड," मी म्हणालो. "मानूस धंद्यातला होता."

"—मेंढ्या, उंट, गाई, गाढवं. एकदम नाही. एक कळप पुढं, मध्ये अंतर, मग दुसरा. प्रत्येक गुराख्याला शिकवून ठेवलं : विचारलं तर सांगा, ही तुमच्या भावाकडून भेट आहे, तो स्वतः मागून येतोय. म्हणजे एकेका कळपाबरोबर त्याचा राग उतरत जाईल."

"उतरला?"

"एसाव चारशे माणसं घेऊन आला—"

"चारशे?"

"—आणि पळत येऊन गळ्यात पडला. दोघंही रडले. त्याच्या आधी याकोबानं—"

"बस," मी म्हणालो. मी मनातल्या मनात दावणीच्या शेळ्या मोजायला लागलो होतो. "बाकीचं मंग सांगा."

चूक इथं झाली. गोष्ट आणि गिऱ्हाईक, दोन्हींचं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.

घरी येऊन मी हिशेब बसवला. दोनशे शेळ्या हा पहिला भाव झाला. पहिल्या भावाला कोणी घेतं का? किसनदादा एसावाएवढा महाग नाही. उंट तर आपल्याकडे नाहीतच. दहा शेळ्या, एक बोकड. प्रमाण बराबर. मी पाच-पाचचे दोन कळप केले. पहिला रशीदकडे, दुसरा सुमनकडे, आणि सगळ्यांत मागून बोकड घेऊन मी.

सुमन म्हणाली, "आपन समदे टेम्पोतच जाऊ ना सरळ. मी थोरल्या जाऊबाईला हाक मारते, तुमी भावाला मारा."

"शास्त्रात तसं न्हाई."

"कोनाच्या शास्त्रात?"

यावर मी ओरडलो.

शिरड शहापूरच्या अलीकडे टेम्पो उभा केला. रशीदला तीनदा निरोप घोकून घेतला. तो पाच शेळ्या घेऊन निघाला. बिडी ओढून होईपर्यंत मी थांबलो आणि सुमनला सोडलं. पुन्हा एक बिडी. मग मी.

आता तिकडं काय घडलं ते नंतर कळलं. वाट दादाच्या शेतावरून जात होती आणि शेतात हरभरा होता. घाट्यांवर आलेला, कोवळा, हिरवागार. सकाळपासून टेम्पोत उपाशी असलेल्या पाच शेळ्यांना शास्त्र माहीत नव्हतं. दादा राखण करत बसला होता. तो काठी घेऊन धावला तसा रशीद तीनदा घोकलेला निरोप विसरला. त्याच्या तोंडून एवढंच निघालं : "मारो मत! ये तो पहला लॉट है. पीछे और आ रहे. उसके पीछे गणपतशेठ खुद आ रहे."

दादानं याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. विहीर खाऊन झाली, आता हरभरा खायला आला, तोही कळपाकळपानं. त्यानं पाच शेळ्या ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात घातल्या आणि आरोळी देऊन माणसं जमवली. सुमन पोचली तेव्हा तिचं तोंड उघडायच्या आधी तिच्या शेळ्याही कोंडवाड्यात गेल्या, आणि तिला वहिनीनं घरात नेऊन चहा दिला. (बायकांचं भांडण नव्हतंच. त्या दोघी गळ्यात पडून रडून मोकळ्या झाल्या होत्या. कळप वगैरे काही लागलं नाही.)

मी वळणावर आलो तर समोर अकरा माणसं, काठ्या घेतलेली. मनात म्हटलं, चारशेचे अकरा झाले, म्हणजे भाव बराच उतरला. आणि मग मध्ये उभा असलेला माणूस दिसला.

माझ्या डोक्यातला दादा फटफटीवर बसलेला होता, काळ्याभोर केसांचा, भांग पाडलेला. समोरच्याचं डोकं निम्मं पांढरं होतं. खांदे उतरलेले. एक हात कमरेवर ठेवायची ती रीत. क्षणभर वाटलं, आमचे वडीलच बांधावर उभे आहेत आणि मला उशीर झाला म्हणून वाट बघताहेत. माझ्या हातातली दोरी कधी सुटली, मला कळलं नाही.

बोकडाला कळलं. तो चार पावलं मागे सरला आणि त्यानं माझ्या डाव्या कुल्ल्यावर जी धडक दिली, तिनं मी थेट दादाच्या पायाशी आडवा.

"पाया पडून राहिला?" दादा म्हणाला. "आठ वर्षांनी?"

"पडून न्हाई राहिलो, पाडलं!" मी उठत म्हणालो, आणि दुसरी धडक बसली. पुन्हा लोटांगण.

अकरातला एक म्हातारा हळूच म्हणाला, "किसनराव, मानूस मनापासून करून राहिला."

मी गुडघ्यावर आलो तोच तिसरी बसली. या वेळी मी उठायचा प्रयत्नच केला नाही. तोंड मातीत होतं आणि मातीला हरभऱ्याचा आंबूस वास येत होता. कोणीतरी बोकड धरला. रशीद टेम्पो आणायला पळाला. मग डोक्यावरून आवाज आला :

"गण्या, ऊठ."

आई गेल्यापासून मला कोणी गण्या म्हटलं नव्हतं. शेठ म्हणतात, भाऊ म्हणतात, याकूबभाई म्हणतात. गण्या म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता आणि तो आठ वर्षं बोलत नव्हता. दादानं काखेत हात घालून मला उचललं आणि बांधावर बसवलं.

"शेळ्या काहून आनल्या?"

"तुला."

"मला नको."

"दहा हायत. आन् हा बोकड."

"नको म्हनलं ना."

"पंधरा घे."

"एक बी न्हाई."

"वीस घे ना, कसा मानूस हायस तू!"

तोच म्हातारा मला म्हणाला, "अहो, समोरचा मागून न्हाई राहिला, तुमी वाढवून काहून राहिले?" आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्याच विरुद्ध सौदा करत होतो आणि हरत होतो.

दादा म्हणाला, "शेळ्या राहू दे. एकच सांग. फसवलंस का न्हाई मला?"

सौदा तो सौदा, हे वाक्य आठ वर्षं तयार होतं, ते येईना. आणि फसवलं, तेही येईना. तेवढ्यात रशीदनं टेम्पो आणून समोर उभा केला. दादा अक्षरं जुळवत वाचू लागला.

"श्री... याकोब... प्रसन्न. हे कोन?"

"ते... नाव हाय. हिब्रूतलं," मी म्हणालो. "म्हंजे टाच धरनारा. धाकटा भाऊ होता. थोरला भुकेला बघून त्यानं वरनाच्या वाटीवर थोरलेपन घेतलं. म्हंजे ठक."

"आन् हे तू सोताच्या टेम्पोवर लिवलंस?"

"लिवलं."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"डोंगरकड्याच्या बाजारात असाच हिंडतो?"

"औंढ्याला बी."

दादानं तोंड फिरवलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. मग नीट पाहिलं तर दोन्ही चाललं होतं. "लेका," तो म्हणाला, "मी आठ वर्षं एका गावाला सांगून राहिलो. तू तर अख्ख्या जिल्ह्याला सांगून राहिला."

मग शेजारी बसला. पायाशी मोडून पडलेला हरभऱ्याचा डहाळा उचलला आणि हळू आवाजात विचारलं, "पानी किती हाय रं विहिरीला? जांभळीवरून उडी मारली तर तळ लागतो का अजून?"

त्या विहिरीत त्यानंच मला पोहायला शिकवलं होतं. हनुवटीखाली तळहात धरून.

"थेंब न्हाई," मी म्हणालो. "दुसऱ्याच उन्हाळ्यात आटली."

त्याचा चेहरा बघितला आणि कळलं, याला काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं शिजवलेला राग माझ्या हातात तसाच राहिला, खायला कोणी नाही.

"आपली विहीर आटली?" तो म्हणाला.

आपली म्हणाला.

"आन् मला सांगितलं काहून न्हाई?"

"बाजारात तोंड कसं दाखवलं असतं?"

दादानं काठीनं मातीत एक रेघ ओढली आणि पायानं पुसली. कोंडवाड्यातून शेळ्या त्यानं स्वतः सोडवून आणल्या, दहाच्या दहा टेम्पोत चढवल्या. बोकड मात्र ठेवून घेतला. म्हणाला, "आठ वर्षांत मला जे जमलं न्हाई ते यानं तीन टकरीत केलं."

दादा गावी परत आला नाही. त्याचं सगळं तिकडंच आहे. पंधरा दिवसांतून एकदा आम्ही भेटतो, बाजारात उभ्या उभ्या चहा पितो आणि आपापल्या वाटेनं जातो. पहिल्या पावसानंतर मी विहिरीवर जाऊन काट्या बाजूला करून बघतो. खाली ओल दिसते. त्याला सांगतो, "ओल हाय." तो म्हणतो, "बघू." विहिरीविषयी आम्ही एवढंच बोलतो.

कुल्ला सुजला होता म्हणून दुसऱ्या दिवशी लंगडत उपकेंद्रात गेलो. सिस्टरांनी सगळं ऐकलं आणि सुई भरता भरता म्हणाल्या, "त्या दिवशी पूर्ण ऐकलं असतंत तर! भावाला भेटण्याआधी याकोबानं जमिनीपर्यंत वाकून नमस्कार घातला होता. सात वेळा."

"आमचं तिनात जुळलं."

"आणि त्याच्या आदल्या रात्री तो देवाच्या दूताशी झोंबला होता. आशीर्वाद दिल्याशिवाय सोडत नाही म्हणाला. तेव्हा त्याचं नाव बदललं. याकोबाचा इस्राएल झाला, म्हणजे देवाशी झोंबणारा. पण त्या झटापटीत मांडीचा सांधा निखळला. लंगडतच भावाला भेटला तो."

"म्हंजे लंगडल्यावर मानूस सुधारतो म्हना."

"तसं नाही," बाई म्हणाल्या. "पण लंगडणाऱ्याला दुसऱ्याची टाच धरायला वाकता येत नाही."

हे मला फार पटलं. पुढच्या बाजारी लंगडतच गेलो. लोक म्हणाले, "अरारा, गणपतशेठला काय झालं?" आणि काय सांगू, त्या दिवशी एकाही गिऱ्हाइकानं घासाघीस केली नाही. दया आली असेल. पाय महिन्याभरातच बरा झाला. बाजारात मी अजून लंगडतो.